अधिकाऱ्यांस दिलेल्या आज्ञा व त्यांची लोकगम्यता

राजशासनाचे दोन प्रकार आपणां संग्राहकांस चांगले परिचित आहेत. एक, सर्व लोकांस उद्देशून केलेला नियम किंवा कायदा. आणि दुसरा, एखाद्या व्यक्तीस, घराण्यास अथवा देवस्थानास दिलेली सनद. पहिला डांगोरा पिटून अथवा छापून सर्वांस कळविला जातो. दुसरी ज्याची त्याच्या घरीं जपून ठेविली जाते व पुढें केव्हां तरी आपल्या संग्रहांत येते. परंतु यांहून निराळा असा एक तिसरा वर्ग आहे आणि त्याकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. सरकारनें आपल्याच अंमलदारांस, अमुक प्रसंगीं अमुक रीतीनें वागावें, कायद्याचा अर्थ असा लावावा, अर्ज असा तपासावा, म्हणून ज्या सूचना द्यावयाच्या त्यांचा हा वर्ग होय. जुन्या भाषेंत यांस ताकीद, जाबिता, कलमबंदी अशीं नांवें आहेत. आजच्या कचेरींत परिपत्रक, स्थायी आदेश, मार्गदर्शक सूचना हे शब्द रूढ आहेत. पत्र अंमलदाराच्या नांवें असतें, पण त्याचें फळ भोगते ती रयत. तेव्हां तें पत्र रयतेस पाहावयास मिळावें कीं नाहीं, हा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याबरोबर हा प्रश्न जन्मास आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे.

या वर्गांतील आपल्या देशांतल्या फार जुन्या उपलब्ध लेखांपैकीं अशोकाचे कलिंगांतील दोन स्वतंत्र शिलालेख होत. ओडिशांत भुवनेश्वरजवळ धौली आणि गंजाम जिल्ह्यांत जौगड येथें ते कोरलेले आहेत. चौदा लेखांच्या प्रसिद्ध मालिकेंतील ११, १२ व १३ हे लेख तेथें नाहींत, त्यांच्या ठिकाणीं हे दोन आहेत. पैकीं धौलीचा पहिला लेख तोसली येथील 'नगलवियोहालक' महामात्रांस, म्हणजे नगरांतील न्यायव्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांस, उद्देशून आहे. मजकूर पूर्णपणें कार्यालयीन स्वरूपाचा आहे. एखाद्या मनुष्यास निष्कारण बंधन किंवा क्लेश होतात व त्यामुळें दुसरेही पुष्कळ लोक दुःखी होतात. यास्तव अधिकाऱ्यांनीं मध्यमवृत्तीनें वागावें. ईर्ष्या, शीघ्रकोप, निष्ठुरता, त्वरा, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा हे दोष असलेल्या मनुष्याच्या हातून तसें वर्तन घडत नाहीं, असें त्यांत बजाविलें आहे. थकव्याची दोषांत गणना करणारा राजा कचेरीचें अंतरंग जाणत होता हें उघड आहे. शेवटीं, दर पांच वर्षांनीं एक महामात्र तपासणीस पाठविला जाईल, उज्जयिनीहून राजपुत्र तीन वर्षांच्या आंत असाच वर्ग पाठवील व तक्षशिलेहूनही तसेंच होईल, असें सांगितलें आहे.

आतां पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, केवळ अधिकाऱ्यांस लिहिलेलें हें पत्र खलित्यांत घालून पाठविण्यावर राजा थांबला नाहीं. तें त्यानें उघड्या खडकावर कोरविलें. इतकेंच नव्हे, तर तिष्य नक्षत्राच्या दिवशीं तें ऐकविलें जावें, मधल्या काळांतही प्रसंगाप्रसंगानें ऐकविलें जावें, आणि ऐकणारा एकटाच असला तरी ऐकविलें जावें, असा त्यांत स्पष्ट नियम घातला. मूळांतील शब्द 'सोतविया', म्हणजे संस्कृत 'श्रोतव्या', असा असून 'लिपि' या स्त्रीलिंगी पदाशीं त्याचा अन्वय आहे. ऐकणारा कोण, हें तेथें मुळींच सांगितलेलें नाहीं. अधिकारीच काय तो श्रोता अभिप्रेत असता, तर ज्यास पत्र लिहिलें त्याचा निर्देश पुन्हां करणें कठीण नव्हतें. 'एकेन पि' या दोन पदांचें प्रयोजन मला तरी असें दिसतें कीं, कोणीही एक मनुष्य येऊन उभा राहिला तरी त्यास लेख नाकारूं नये. कांहीं पंडित हा श्रोता अधिकाऱ्यांपैकींच मानतील. त्या अर्थास व्याकरणाची हरकत नाहीं, पण खडकाची आहे.

सारनाथच्या स्तंभलेखांत तर ही कल्पना अधिक रेखीव झाली आहे. १९०४-०५ च्या उत्खननांत सांपडलेला हा लेख संघांत भेद पाडणाऱ्या भिक्षुभिक्षुणींविषयीं आहे. त्याच्या उत्तरार्धांत राजा महामात्रांस सांगतो कीं, या लेखाची एक प्रत तुमच्याजवळ 'संसलना'मध्यें ठेविली आहे, दुसरी तशीच एक प्रत उपासकांजवळ ठेवावी, आणि प्रत्येक उपोसथाच्या दिवशीं उपासकांनीं व महामात्रांनींही येऊन या शासनाची ओळख करून घ्यावी. 'संसलन' म्हणजे नक्की कोणतें स्थान याविषयीं मतभेद आहे. तो कसाही सुटो. एक प्रत सरकारी मनुष्याच्या हातीं व दुसरी गृहस्थाच्या हातीं, ही योजना त्यामुळें बदलत नाहीं. ज्या दिवशीं अधिकारी प्रत वाचावयास येणार त्याच दिवशीं उपासकही येणार, यांतील मर्म वाचकांस सांगावयास नको.

धौली-जौगडचे हे दोन लेख केवळ कलिंगापुरते होते अशी समजूत बरींच वर्षें होती. १९८९ सालीं कलबुर्गी जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं सन्नती येथें, चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारांत, कालीमूर्तीच्या बैठकीस लाविलेल्या शिळेवर तेच दोन लेख मिळाले. चंद्रलांबा ही अनेक मराठी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. म्हणजे ज्या शिळेपाशीं आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभे राहिले, तिच्यावर अधिकाऱ्यांनीं लोकांशीं कसें वागावें याचे नियम कोरलेले होते, आणि ते कोणासही ठाऊक नव्हते. लेख उपलब्ध असणें आणि लेख गम्य असणें यांतील अंतर दाखविणारें याहून चांगलें उदाहरण मला सांपडलेलें नाहीं.

मराठी अमदानीकडे वळूं. १६७३ सालचें चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेलें शिवाजी महाराजांचें पत्र सर्वांस माहीत आहे. दाणावैरण आतांच उधळली तर पावसाळ्यांत घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांस त्रास द्याल, आणि कुणबी म्हणतील यापेक्षां मोगल बरे, अशी त्यांतील विचारसरणी आहे. उंदीर दिव्याची वात नेऊन गवताच्या गंज्या पेटवील इथपर्यंत त्यांत बारकावा आहे. मार्गदर्शक लेखाचा हा उत्तम नमुना होय, कारण त्यांत हुकुमाबरोबर हुकुमाचें कारणही आहे. परंतु असलीं पत्रें अंमलदाराच्या दप्तरांत पडत. रयतेच्या हातीं जें येई तें सनदेच्या रूपानें येई, आणि तेथें आपल्या पूर्वजांनीं एक फार शहाणी रीत पाळली होती. सनदेच्या अखेरीस येणारें, आपणां सर्वांच्या तोंडीं बसलेलें वाक्य म्हणजे, तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणें. नक्कल कचेरीनें ठेवावी व अस्सल धन्याजवळ असावें! त्याच्या जोडीस दुसरें वाक्य, दरसाल ताज्या सनदेचा उजूर न करणें. शिवाय एकाच दानाचीं पत्रें मोकदमास, देशमुख-देशपांड्यांस व सुभ्याच्या कमाविसदारास निरनिराळीं जात. एक गहाळ झालें तरी दुसऱ्यावरून तें शाबीत करतां येई. आपल्या संग्रहांत एकाच मजकुराचीं चार-चार पत्रें येतात तेव्हां आपण कंटाळतों. वस्तुतः ती पुनरुक्ति हेंच त्या माणसाचें संरक्षण होतें.

इंग्रजी अमलांत ही दिशा उलटली. पेशव्यांचें दप्तर सरकारच्या ताब्यांत गेलें. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनला बळ मिळालें आणि इनामदारास आपला हक्क कागदानें सिद्ध करावा लागला. पण ज्या दप्तरांत त्याचा पुरावा होता तें उघडण्याची किल्ली हक्क तपासणाऱ्याच्याच हातीं होती. पुढें हेंच दप्तर अभ्यासकांस खुलें व्हावें म्हणून किती अर्ज-विनंत्या झाल्या तो इतिहास या पानांस नवा नाहीं. सरदेसायांनीं निवडलेले ४५ खंड निघाले ते १९३० ते १९३४ या काळांत. जमीनमोजणीच्या बाबतींत गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तिघांचा १८४७ चा संयुक्त अहवाल हीच खात्याची मार्गदर्शिका होती. तो छापला गेला, हें खरें. परंतु ज्या कुणब्याच्या शेताचा आकार त्यावरून ठरे त्यास इंग्रजी येत नव्हतें. अखेर १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यानें कचेरींतील कागद हा मूलतः झांकून ठेवण्याचा पदार्थ आहे, ही वृत्ति पक्की करून टाकिली.

त्याच १९२३ सालची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळानें त्या वर्षीं डिसेंबरांत अफूसंबंधीं एक कायदा ठरावानें मंजूर केला, पण तो राजपत्रांत अथवा अन्य कोणत्याही रीतीनें प्रसिद्ध केला नाहीं. पंचवीस वर्षांनीं त्या कायद्याखालीं एका मनुष्यास ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९५१ सालीं न्या. विवियन बोस यांनीं निकाल दिला कीं, जो कायदा लोकांस कळविलाच गेला नाहीं त्यानें लोकांस बांधतां येत नाहीं. बंद खोलींत झालेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. बोस हे त्यापूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निकाल दंडाच्या रकमेच्या मानानें फार मोठा आहे. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तो कायद्याविषयीं आहे. परिपत्रक हा कायदा नव्हे. तें अंमलदारास दिलेली सूचना, म्हणून प्रसिद्धीचें बंधन त्यास त्याच कठोरपणें लागत नाहीं. आणि व्यवहारांत तर टेबलापलीकडील मनुष्य कायद्याचें पुस्तक क्वचितच उघडतो, तो परिपत्रक उघडतो.

अमेरिकेंतही हा अनुभव आलेला आहे, व तेथील एक कथा पाठशुद्धीची आवड असणारांस रुचेल. १९३३ सालीं खनिज तेलाच्या उत्पादनावर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानें निर्बंध घालण्यांत आले. सप्टेंबरांत त्या नियमावलींत दुरुस्ती करतांना, मर्यादेबाहेर तेल काढणें हा भंग होय असें सांगणारा परिच्छेदच चुकून गळला. वर्षभर सरकार त्या गळलेल्या कलमाच्या आधारें कारवाया करीत राहिलें, लोक न्यायालयांत खेटे घालीत राहिले, आणि कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं, कारण दुरुस्त पाठाची अधिकृत प्रत पाहण्याची सोयच नव्हती. लिपिकाच्या प्रमादानें ग्रंथांतील एक श्लोक गळावा आणि टीकाकारांनीं त्यावर वाद घालीत बसावें, तशांतलाच हा प्रकार. पुढें १९३५ मध्यें संघीय राजपत्राचा कायदा झाला व १४ मार्च १९३६ रोजीं त्या राजपत्राचा पहिला अंक निघाला. १९६६ च्या माहितीस्वातंत्र्याच्या कायद्यानें खात्यांच्या अंतर्गत पुस्तिकाही लोकांस पाहूं द्याव्या असें ठरलें. ९ ऑक्टोबर १९१९ नव्हे, २०१९ रोजीं (शतकभराची चूक हातून होतां होतां राहिली) प्रत्येक खात्यानें आपले सर्व मार्गदर्शक लेख एकाच शोधसुलभ संग्रहांत ठेवावे असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला; २० जानेवारी २०२१ रोजीं नव्या राष्ट्राध्यक्षांनीं तो रद्द केला. मात्र तेथील प्रशासकीय परिषदेनें त्याच वर्षाच्या अखेरीस केलेली शिफारस आपल्या दृष्टीनें विशेष मोलाची आहे. जे लेख आतां अंमलांत नाहींत तेही काढून न टाकतां, ते मृत आहेत अशी ठळक खूण करून, लोकांस उपलब्ध ठेवावे, असा तिचा आशय आहे. मृत पत्राचें महत्त्व सरकारी मंडळीस पटावें हें आपल्यासारख्यांस समाधानाचें आहे.

आपल्याकडे २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें चौथें कलम पाहावें. लोक अर्ज करतात तें सहाव्या कलमाखालीं. म्हणून तेंच सर्वांस ठाऊक. चौथें कलम सांगतें कीं, कोणी न मागतां सरकारनें स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाच्या गोष्टींत, कर्मचारी आपलें काम करतांना जे नियम, विनियम, सूचना, नियमपुस्तिका व अभिलेख वापरतात ते सर्व येतात. मुदत १२० दिवसांची होती. त्याच कलमांत प्रत्येक कार्यालयानें आपले अभिलेख सूचीबद्ध करावे व त्यांची अनुक्रमणिका ठेवावी असें आहे, आणि प्रसिद्धी स्थानिक भाषेचा विचार करून करावी असेंही आहे. सूची व अनुक्रमणिका! आपलें आयुष्य ज्या दोन शब्दांत गेलें ते कायद्यांत आलेले पाहून मला प्रथम फार आनंद झाला. पुढें लक्षांत आलें कीं, कायद्यांतील दंड, म्हणजे दिवसाला २५० रुपये व फार तर २५,००० रुपये, हा कोणा एकाचा अर्ज अडविल्याबद्दलचा आहे. चौथें कलम न पाळल्याबद्दल तसा दंड कोठेंच सांगितलेला नाहीं. विधि आहे, प्रायश्चित्त नाहीं.

महाराष्ट्र शासनाविषयीं न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर त्यानें एक गोष्ट चांगली केली आहे. मंत्रालयांतून निघणारे शासन निर्णय संकेतस्थळावर ठेविले जातात व कोणासही फुकट पाहतां येतात. या लेखांचें बाह्यांग अभ्यासण्यासारखें आहे. आरंभीं 'वाचा' अथवा 'संदर्भ' म्हणून पूर्वीच्या पत्रांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, मग राज्यपालांच्या आदेशानुसार व नांवानें असें शासनवाक्य, आणि अखेर एक पुष्पिका, कीं हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. संकेतांक १८ अंकांचा असतो. पहिले आठ अंक वाचले म्हणजे वर्ष, महिना व दिवस निघतात. काळ सांगण्यासाठीं शब्दांक योजणाऱ्या आपल्या पोथीलेखकांहून ही पद्धत सोपी आहे, व नकलेवरून मूळ हुडकण्यास फार उपयोगी पडते. तळाशीं 'प्रति' म्हणून ज्यांस पत्र धाडलें त्यांची यादी असते, आणि तिच्या शेवटीं बहुधा निवड नस्तीचें नांव येतें. म्हणजे एक प्रत कायमची फाइलींत. उपासकाची प्रत त्या यादींत नसते. संकेतस्थळ ही तिची जागा आहे असें म्हणावें लागतें.

परंतु दोष राहिलेच आहेत, आणि ते असे आहेत कीं ते आपल्या धंद्यांतील मनुष्यास चटकन दिसतात. नवा निर्णय जुन्यास 'अधिक्रमित' करतो हें नव्यांत लिहिलेलें असतें. जुन्यावर तशी खूण बहुधा नसते. ज्याच्या हातीं फक्त जुना आला त्यास तो मेला आहे हें कळण्यास मार्ग नाहीं. कित्येक कागद केवळ छायाचित्ररूप आहेत, कित्येक जुन्या टंकांत बसविलेले आहेत, त्यामुळें शब्द घालून शोध केला तरी ते सांपडत नाहींत. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं, मंत्रालयाच्या खालीं संचालनालयें, विभागीय व जिल्हा कार्यालयें जीं पत्रें काढतात तीं या संग्रहांत येतच नाहींत. सामान्य मनुष्याचें काम अडतें तें याच पत्रांपाशीं.

याविषयीं स्वानुभव सांगितल्यास वाचक क्षमा करतील. मी शाळेंतून निवृत्त झालों तेव्हां आरंभीच्या काळांतील रजेच्या जागेवर केलेली माझी दोन वर्षांची नोकरी निवृत्तिवेतनासाठीं धरली गेली नाहीं. कारण विचारतां 'वरून परिपत्रक आहे' असें उत्तर मिळालें. क्रमांक विचारला, तो कोणास ठाऊक नव्हता. प्रत मागितली, ती अंतर्गत वापराची म्हणून दाखविली नाहीं. मग दहा रुपयांचें तिकीट लावून सहाव्या कलमाखालीं अर्ज केला, व तीस दिवसांच्या सुमारास एक पान हातीं आलें. नकलेची नक्कल होत होत अक्षरें पुसट झालेलीं, मथळा यंत्रांत कापला गेलेला, तारखेंतील वर्षाचा शेवटचा अंक गेलेला. विद्यार्थ्यांस मीं अनेक वर्षें सांगत आलों होतों कीं खंडित पोथीचा काळ तींतील निर्देशांवरून काढावा. तोच न्याय येथें लाविला. 'वाचा' या शब्दाखालीं तीन पूर्वपत्रें दिलीं होतीं. त्यांच्या तारखांवरून वरची मर्यादा निघाली. त्यांच्याच विषयावरील नंतरचे शासन निर्णय संकेतस्थळावर क्रमानें वाचीत गेलों, तेव्हां एकाच्या यादींत हें पान क्रमांकासह भेटलें, आणि खालीं वाक्य, कीं तें अधिक्रमित करण्यांत येत आहे. कार्यालय कित्येक वर्षें मृत पत्रावर माणसांचे हिशेब करीत होतें. यांत कोणाचा दुष्टपणा होता असें मला वाटत नाहीं. टेबलाच्या खणांत जो कागद होता तो त्यांनीं वापरला. नवा निर्णय पुढें ठेवल्यावर माझीं दोन वर्षें धरलीं गेलीं.

माझ्या शाळेंतील एक गृहस्थ माझ्या आधीं चार वर्षें निवृत्त झाले होते. त्यांचें प्रकरण अक्षरशः माझ्यासारखें. पण त्यांनीं कागद मागितला नाहीं. सरकार म्हणतें त्याअर्थी असेल, असें ते म्हणाले होते, व तेंच कमी निवृत्तिवेतन घेत ते वारले. मला तें पान मिळालें तें त्यानंतर सात महिन्यांनीं.

आतां संग्राहक मंडळीस एक विनंति. शाळा, चावड्या, सहकारी संस्था यांच्या जुन्या दप्तरांत टंकलिखित व चक्रमुद्रित परिपत्रकांचे गठ्ठे असतात. मोडी नाहीं, शिक्का नाहीं, कागद हलका, म्हणून आपण ते बाजूस सारतों आणि ते रद्दींत जातात. सरकारी संग्रहांत हीं खालच्या कचेऱ्यांचीं पत्रें नसल्यानें तोच गठ्ठा कित्येकदां एकमेव प्रत असतो. निदान प्रत्येक पत्राचा क्रमांक, तारीख, काढणारें कार्यालय, 'वाचा' यादी आणि तें कोणत्या पत्रास रद्द करतें, एवढ्या पांच गोष्टी टिपून ठेवाव्या. अशा टिपणांवरून पत्रांची वंशावळ लावतां येते. मीं माझ्या प्रकरणापुरती ती लाविली आहे. तींत सात पत्रें असून सहा मजजवळ आहेत. उरलेलें एक माध्यमिक शाळांतील रजेच्या जागांविषयीं, १९७० नंतरच्या दशकांतील, संचालनालयांतून निघालेलें असावें. पुढील दोन पत्रांच्या यादींत त्याचा उल्लेख येतो, पण मूळ कोठेंही मिळालेलें नाहीं. कोणाच्या संग्रहांत तें असल्यास त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. तालीक लिहून घेऊन असल पत्र ज्याचें त्यास परतोन देऊं.